कोकणातल्या घराच्या अंगणातलं लाईट-प्लगचं काम करून घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं वाचा. काम एकदम पक्कं, पैसे नेहमीच्या वायरमनपेक्षा बऱ्यापैकी जास्त, वेळही जास्त लागला, आणि एवढं असूनही मी सगळ्यांना हेच सांगेन की घराच्या बाहेर कुठेही, गेटवर, विहिरीवर, तुळशीपाशी, गच्चीवर लाईट किंवा प्लग असेल तर काम अशाच माणसाकडून करून घ्या जो मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजायचं यंत्र, घेऊन येतो आणि लाईट लावायच्या आधी मोजतो. पाच पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये, त्यांना तसं नकोय, हाताखाली दोनच मुलं आहेत आणि एप्रिल-मे मध्ये त्यांना फोन उचलायलाही वेळ नसतो. पण काय काय केलं आणि का केलं ते नीट लिहितेय, म्हणजे तुमच्या गावातल्या वायरमनकडून तुम्ही हेच मागून घेऊ शकाल.

आमचं घर चिपळूणपासून थोडं आत, वाडीत. सासू-सासरे तिथेच राहतात, आम्ही पुण्याला. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, मोठं अंगण, भोवती गडगा, गेटच्या दोन खांबांवर दोन लाईट, तुळशीपाशी एक, मागे विहिरीवर फ्लडलाईट, आणि पडवीच्या खांबावर एक प्लग ज्याच्यावर सगळं चालतं, गाडी धुवायचा प्रेशर पंप, सुताराचं ड्रिल, गणपतीत तोरणं, सगळं. आणि पाऊस कसा ते कोकणातल्यांना सांगायला नको, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सरळ पडत नाही, झड मारतो, पडवीत आतपर्यंत येतो. दुकानातल्या बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते या पावसात किती टिकतं हा वेगळाच विषय आहे.

प्रॉब्लेम असा होता की पाऊस लागला की आरसीसीबी ट्रिप व्हायचा, म्हणजे करंट लीक झाला की लाईन तोडणारा डबा, ज्याला आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात तो. एक वाजता, तीन वाजता, कधीही, आणि अख्खं घर अंधारात, फ्रीज बंद, आप्पा, म्हणजे माझे सासरे, टॉर्च घेऊन पडवीत. याच्या आधी एक वायरमन येऊन गेला होता, त्याने बघून सांगितलं डबा खराब आहे आणि डायरेक्ट करून दिलं, म्हणजे आरसीसीबीला बायपास. आप्पांना वाटलं बरं झालं, कटकट मिटली. ट्रिप होणं खरंच थांबलं, कारण ट्रिप होणारी वस्तूच सर्किटमधून गेली होती. कोकणात, आणि कोकणातच कशाला सगळीकडेच, पावसाळ्यात हे सर्रास करतात, आणि मला मनापासून वाटतं की घरात एकवेळ लाईट नसला तरी चालेल पण हे करू नये.

या कॉन्ट्रॅक्टर दादांनी डीबी, म्हणजे सगळे ब्रेकर असतात तो बोर्ड, उघडला आणि पहिलं वाक्य हेच की, "वहिनी, डबा चांगला आहे, हा एकटाच इथे नीट काम करत होता." मग सगळ्यात आधी त्यांनी लाईट लावायला घेतलेच नाहीत, पूर्ण सकाळ फक्त मोजण्यात गेली. मेन बंद करून बाहेरची एकेक लाईन सुटी केली, फेज-न्यूट्रल एकत्र पकडून अर्थच्या समोर मेगर लावला, ५०० व्होल्टवर. किमान १ मेगाओहम यायला पाहिजे, चांगली लाईन शंभरच्या वर दाखवते. कोरड्यात आमच्या लाईनी ठीकठाकच दाखवत होत्या, मे महिना होता, सगळं खडखडीत. तर त्यांनी काय केलं, सप्लाय बंदच ठेवून मुलाला पाईप घेऊन उभं केलं आणि गेटवरच्या लाईटवर, खांबावर, विहिरीच्या फ्लडवर झड येते तसं तिरकं पाणी मारलं, थोडं थांबले, मग परत मोजलं. गेटची लाईन ०.०३ मेगाओहम. विहिरीची ०.०२. हे मला फार आवडलं, कारण उन्हाळ्यात येऊन सगळं ओके आहे म्हणून जाणारे खूप, पावसात काय होणार ते उन्हाळ्यात शोधणारा हा पहिलाच.

मग त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला तो तसाच देते. २३० व्होल्टला ०.०३ मेगाओहमने, म्हणजे ३०,००० ओहमने भागलं की साडेसात मिलिअँपच्या आसपास लीकेज, आणि ०.०२ वाल्या लाईनचं साडेअकरा. दोन्ही मिळून एकोणीस. ३० मिलिअँपचा आरसीसीबी १५ च्या खाली ट्रिप व्हायला नको आणि ३० ला व्हायलाच पाहिजे, मधे तो कुठेही पडू शकतो, म्हणजे एकोणीसला पडला तर तो बरोबरच आहे. एकेकटी लाईन त्याला पाडू शकत नव्हती म्हणून आधीच्या माणसाला एक लाईन काढून बघून काही सापडलं नसणार. जोरदार पावसात हा आकडा आणखी वर जाणार. आणि हा सगळा करंट कुठून जात होता तर लाईटच्या बॉडीतून, भिंतीतून, ओल्या चिऱ्यातून.

गेटवरचा लाईट आमच्यासमोर उघडला. लोखंडी पत्र्याची फिटिंग, काळा रंग, दिसायला छान. वायर वरून आत घेतलेली, भोक वायरच्या दुप्पट मोठं, ग्लँड, म्हणजे वायर आत शिरते तिथे घट्ट बसणारी सीलबंद कडी, नाहीच, एम-सील थापलेलं आणि ते उन्हाने फुटून एका बाजूने सुटलेलं. आत तळाला बोटभर पाणी, त्यात मेलेले पावसाळी किडे, काळ्या टेपने गुंडाळलेला जॉइंट त्या पाण्यात अर्धा बुडालेला, टेप सोडवली तर आतलं तांबं हिरवंगार. आणि अर्थची हिरवी वायर आली होती, पण कोणीतरी ती कापून आत दुमडून ठेवलेली, बॉडीला जोडलीच नव्हती. या लाईटच्या खाली अर्ध्या हातावर लोखंडी गेटचं बिजागर. ओल्या हातांनी, अनवाणी, रोज सकाळी दूधवाला ते गेट उघडतो. माझ्या सासूबाई ते बघून काहीच बोलल्या नाहीत, फक्त दादांना म्हणाल्या, "आजच काढा हे."

आता आरसीसीबी आणि एमसीबी यांच्यात लोकांचा जो घोळ होतो तो जरा सांगते कारण माझाही समज दादांशी बोलूनच नीट झाला. एमसीबी वायर वाचवतो, ओव्हरलोड किंवा शॉर्ट झालं की पडतो, माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. माणसाला पकडून ठेवायला दहा-पंधरा मिलिअँप पुरतात, हात सोडता येत नाही, आणि १० अँपच्या एमसीबीला तो करंट दिसतच नाही. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो, फरक पडला म्हणजे बाकीचा कुठेतरी दुसरीकडून जातोय, जमिनीतून किंवा कोणाच्या अंगातून, आणि ३० मिलिअँपला तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तोडतो, लीकेज मोठं असेल तर त्याहून खूप लवकर. पण एक लक्षात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आलं तर आरसीसीबीला तुम्ही आणि बल्ब सारखेच, तो पडणार नाही. म्हणून तो आहे म्हणून चालू लाईनला हात लावायचा असं नाही.

कायदाही आहे, लोकांना वाटतं शोभेची वस्तू आहे. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीच्या सुरक्षेच्या नियमांत, जे आधी २०१० चे होते आणि आता २०२३ चे आहेत, घरगुती कनेक्शनला ३० मिलिअँपपर्यंतचं लीकेज प्रोटेक्शन सांगितलंय, २ किलोवॅटच्या खालची लहान कनेक्शनं सोडून. गावाकडची बरीच घरं या सवलतीत बसतात हे खरंय, पण पाऊस तुमचा लोड बघून पडत नाही, तेव्हा लोड कितीही असो, बाहेर प्लग आहे ना, मग लावाच.

आमच्याकडे केलेला मुख्य बदल, आणि माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, ही की बाहेरचं सगळं घरापासून वेगळं केलं. घराचा जुना आरसीसीबी परत सर्किटमध्ये घेतला आणि बाहेरच्या लाईनींना दोन स्वतंत्र आरसीबीओ दिले, म्हणजे एमसीबी आणि लीकेज दोन्ही एकाच डब्यात, एक सगळ्या लाईटना, एक बाहेरच्या प्लगला, दोन्ही ३० मिलिअँपचे आणि जुन्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घेतलेले. आता गेटच्या लाईटमध्ये पाणी गेलं तर बाहेरचे दिवे जातील, घरातला पंखा-फ्रीज चालू राहील. बायपास करायची इच्छा का होते, तर रात्री दोन वाजता घरातलं सगळं जातं आणि म्हातारी माणसं अंधारात बसतात म्हणून. ती अडचणच काढून टाकली की कोणी बायपास करणार नाही. आरसीबीओ टाईप ए घेतले, एसी नाही, कारण एलईडीचे ड्रायव्हर आणि प्रेशर पंपाच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे लीकेज नेहमी सरळ एसी नसतं आणि स्वस्तातला टाईप एसी ते धड ओळखत नाही. हॅवेल्स, लेग्रँड, श्नायडर, सगळ्यांचे मिळतात, फक्त डब्यावर ए चं चिन्ह आणि ३० एमए बघून घ्या, दुकानदार १०० किंवा ३०० एमए हातात ठेवतो, ते माणसासाठी नाहीत.

हे करताना एक आणखी भानगड सापडली. इन्व्हर्टरच्या लाईनचं न्यूट्रल आणि विहिरीच्या लाईटचं न्यूट्रल कुठेतरी भिंतीत एकत्र केलेलं होतं. आरसीसीबीच्या पुढे दोन सर्किटची न्यूट्रल मिसळली की त्याचा हिशोब जुळत नाही आणि तो लीकेज नसतानाही पडतो. नवीन आरसीसीबी लावला की लगेच पडतो, कंपनीच बोगस आहे, अशी तक्रार कुठे दिसली तर दहा पैकी बऱ्याच वेळा हेच असतं असं दादा म्हणाले. त्यांनी प्रत्येक सर्किटला स्वतःचं न्यूट्रल ओढलं, यातच जवळपास एक पूर्ण दिवस गेला, चिऱ्याच्या भिंतीत झिरी मारायच्या म्हणजे धूळ, आवाज, सगळं.

अर्थिंगबद्दल कोकणातल्यांनी हा भाग नीट वाचा. आमच्याकडे वर माती वीतभर आणि खाली जांभा. जांभ्यात अर्थिंग कधीच सहज चांगलं येत नाही, उन्हाळ्यात तर फारच. जुन्या अर्थिंगचं रीडिंग आलं २२ ओहम. समजा अशा घरात आरसीसीबी नाही आणि लाईटची फेज बॉडीला लागली, तर २३० ला २२ ने भागून साडेदहा अँप जमिनीत जाणार, आणि १० अँपचा एमसीबी साडेदहाला पडत नाही, तासन् तास पडत नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, सगळं आहे, आणि तरी लाईटच्या बॉडीवर करंट तसाच बसून. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि माझ्या मते निम्म्या वायरमनना पण माहीत नाही, अर्थिंग केलंय ना, मग काय होतंय, असं म्हणतात. तेच ३० मिलिअँपचा आरसीबीओ असला की २२ ओहमवर सुद्धा तो क्षणात तोडतो, कारण त्याला पडायला ३० मिलिअँपच पुरतात. म्हणून दोन्ही पाहिजेत, अर्थिंग नसेल तर आरसीसीबी कोणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो, अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच पडतो.

नवीन अर्थिंगचा खड्डा त्यांनी न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे घेतला, भिंतीपासून दीड मीटरच्या पलीकडे. बारा महिने ओल असलेली आमच्याकडची तीच एक जागा. जीआय पाईप, अडीच मीटर, भोवती बेंटोनाइटवालं मिक्स, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती. जुनं कोळसा-मीठ चालतं पण मीठ पावसात धुऊन जातं आणि पाईप खातं, असं त्यांचं म्हणणं. रीडिंग सहाच्या आसपास आलं. त्यांना पाचच्या खाली पाहिजे होतं, नाही आलं, जांभाच तो. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक रॉड ठोकून दोन्ही जोडले, आता चारच्या जवळ आहे. खड्ड्यावर झाकण ठेवलंय, आप्पा उन्हाळ्यात पाणी घालतात.

गेटपर्यंतची वायर आधी पीव्हीसी पाईपातून गडग्याच्या कडेने वरवर टाकलेली होती, साधी घरातली वायर, पाईप उंदराने दोन ठिकाणी कुरतडलेला. आता आर्मर्ड केबल जमिनीतून. नियमाप्रमाणे पाऊण मीटर खोल, खाली वाळू, केबल, परत वाळू, वर विटांचा थर आणि लाल-पिवळी वॉर्निंग टेप, म्हणजे उद्या कोणी माडाला आळं करायला कुदळ मारली तर आधी टेप लागेल. जांभ्यात पाऊण मीटर खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्याला विचारा, गेटजवळच्या तुकड्यात कातळ लागला आणि तिथे तेवढी खोली मिळालीच नाही, तर तेवढ्या भागात केबल जाड जीआय पाईपातून घेतली आणि वर काँक्रीट. हे त्यांनी लपवलं नाही, बोलावून दाखवलं आणि फोटो काढून ठेवायला सांगितले, टेपने मोजतानाचे. दोन्ही टोकांना पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड आणि केबलचं चिलखत अर्थला जोडलेलं. ग्लँडशिवाय आर्मर्ड केबल म्हणजे पाणी शिरायला तयार रस्ता.

फिटिंग. आयपी रेटिंग आता सगळ्यांना माहीत झालंय पण अर्धवट. पहिला आकडा धूळ, दुसरा पाणी. ४४ म्हणजे शिंतोडे, पडवीच्या आत ठीक. ६५ म्हणजे पाईपने पाणी मारलं तरी आत जात नाही, उघड्यावर हेच पाहिजे. ६७ थोडा वेळ पाण्यात बुडलं तरी चालतं, जमिनीत पुरायच्या लाईटना लागतं. पण ते रेटिंग फॅक्टरीतून आलं तसं असतं, आपण त्याला मागून भोक पाडलं, वायर वरून घेतली, रबर वायसर कुठेतरी पाडला की रेटिंग संपलं. आमच्या सगळ्या फिटिंगना वायर खालून घेतलीये आणि आत शिरायच्या आधी वायरला खाली झोळ दिलाय म्हणजे वायरवरून येणारं पाणी झोळाच्या तळाला ठिबकून जातं. भिंतीला लावताना सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी, खालून नाही. मी म्हटलं खालून पण भरा की, तर म्हणाले आत दव धरतं, चुकून गेलेलं पाणी बाहेर यायला वाट पाहिजे, चारी बाजू बंद केल्या की आत टाकी होते. बऱ्याच फिटिंगना खाली बारीक भोक असतं ते याचसाठी, लोक ते एम-सीलने बुजवतात.

तुळशीपाशी २३० व्होल्ट ठेवलंच नाही. तिथे १२ व्होल्टचे छोटे लाईट, ट्रान्सफॉर्मर पडवीत आत, भिंतीवर उंच. तिथे रोज पाणी घातलं जातं, सासूबाई ओल्या पायांनी उभ्या असतात, नातवंडं खेळतात, तर मुळातच कमी व्होल्टेज ठेवणं सगळ्यात सोपं. फक्त ट्रान्सफॉर्मर आयसोलेटिंग पाहिजे, इनपुट-आउटपुट वाइंडिंग वेगळं असलेला, आणि वायर जाड घ्यावी लागते नाहीतर लांबच्या लाईटपर्यंत बारा व्होल्ट पोचतच नाहीत आणि शेवटचा लाईट मंद दिसतो. आमची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची आहे.

आता बाहेरचा प्लग, आणि इथे मी दुकानदारांवर खरंच चिडलेय. झाकणवाला वेदरप्रूफ सॉकेट म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच वस्तूंचं आयपी ५५ हे झाकण बंद असतानाचं असतं. प्लग घातला की झाकण उघडं, आणि आपण प्लग वापरतो तो उघडं असतानाच. गणपतीचे सगळे दिवस तोरणाचा प्लग आत, झाकण वर, पाऊस चालू. मी पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेले दोन असले सॉकेट दादांनी परत करायला लावले. त्यांनी लावला तो खोल डब्याचा आहे, प्लग आत गेला तरी झाकण पूर्ण बंद होतं आणि वायर खालच्या खाचेतून बाहेर येते. थोडा ठोकळा दिसतो, महागही आहे, पण घेताना सोबत एक मोठा १६ अँपचा प्लगटॉप न्या आणि दुकानातच घालून झाकण लावून बघा, लागलं नाही तर घेऊ नका. आमचा जमिनीपासून मीटरभर उंचीवर आहे, पावळीच्या पाण्याच्या रेषेपासून आत. आणि आतल्या बाजूला, पडवीच्या दारामागे त्याचा स्विच, म्हणजे काम झालं की बाहेरचा प्लग डेड.

उंचीवरून आठवलं, चिपळूण शहरात २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्यानंतर दादा तिथल्या तळमजल्याच्या कामात डीबी वरच्या मजल्यावर किंवा जिन्यात उंच नेतात आणि तळमजल्याचे प्लग वेगळ्या ब्रेकरवर ठेवतात, पाणी यायला लागलं की तेवढेच पाडून वर जाता येतं. नदीकाठच्या लोकांनी हे नक्की मागा.

तोरणांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांदळाएवढ्या दिव्यांच्या स्वस्त माळा, पातळ वायर, दोन पिनांचा प्लग, त्या घरातल्या खिडकीसाठी ठीक, पावसातल्या गेटवर नाही. लोखंडी गेटला, ग्रिलला, पत्र्याच्या शेडला गुंडाळू नका, घासून वायर सोलते आणि अख्खा पत्रा लाईव्ह होतो. दोन माळांचा जॉइंट प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात, पिशवीत पाणी साठतं, ते उलट वाईट, त्यापेक्षा जॉइंट पडवीत आत घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अंगणात जमिनीवर कधीच नाही. दिवाळीत कोकणात परतीचा पाऊस असतोच, तेव्हा आकाशकंदिलाच्या होल्डरलाही हाच नियम. आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार, ती लाईटच्या खांबाला किंवा पत्र्याला बांधलेली असेल तर आजच काढा. दर पावसाळ्यात ओले कपडे तारेवर टाकताना माणूस गेल्याची बातमी असते, एकाला सोडवायला दुसरा जातो आणि दोघं जातात. आमच्याकडे नायलॉनची दोरी लावली, वीस रुपयांचं काम.

कागदपत्रांच्या बाबतीत, दादांकडे सरकारी कॉन्ट्रॅक्टर लायसन्स आहे, काम करणाऱ्या मोठ्या मुलाकडे वायरमनचं परमिट आहे, मागितल्यावर लगेच दाखवलं. काम संपल्यावर एका पानावर सगळी रीडिंग लिहून दिली, प्रत्येक लाईनचा मेगर, अर्थिंगचे ओहम, आरसीबीओ किती मिलिअँपला पडला ते. तो कागद डीबीच्या दारावर आतून चिकटवलाय. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलंय, आप्पा संकष्टीला दाबतात म्हणजे विसरत नाहीत. त्या बटणाने फक्त डबा चालतोय एवढंच कळतं, अर्थिंग ठीक आहे की नाही ते नाही, ते दरवर्षी मोजूनच घ्यावं लागतं.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. सांगितलेल्या दिवशी आले नाहीत, मधे दुसऱ्या साईटवर गेले, खणलेला चर आठवडाभर उघडा राहिला आणि त्यावर साधी फळीसुद्धा टाकली नव्हती, घरात म्हातारी माणसं आहेत, हे मला अजिबात पटलं नाही आणि मी ते तोंडावर बोलले. भिंतीच्या झिरी बुजवल्या पण रंग आपल्यालाच करून घ्यावा लागला. पैशांचं म्हणाल तर आरसीबीओ, खोल डब्याचा सॉकेट, ग्लँड या वस्तू साध्यापेक्षा दुप्पट-तिप्पट किमतीच्या आहेत, पण बिलातला सगळ्यात मोठा आकडा केबल आणि खणाईचा होता, म्हणजे गेट घराजवळ असेल तर खर्च निम्म्यावर येईल. बजेट कमी असेल तर मी म्हणेन लाईट सध्या जुनेच राहू देत, काढून बंद ठेवा हवं तर, पण बाहेरच्या लाईनला वेगळा ३० मिलिअँपचा आरसीबीओ आणि अर्थिंग हे दोन आधी करा.

जून-जुलै झाला, बाहेरची लाईन एकदाच पडली, विहिरीच्या फ्लडमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, घरातले दिवे चालूच होते, सकाळी साफ करून घेतलं. पत्र्याच्या शेडमधला लाईट अजून राहिलाय, तो तोडून ठेवलाय, दिवाळीनंतर करणार. तुम्हाला करून घ्यायचं असेल तर मार्चमध्येच बोलून ठेवा, मे उजाडला की हे लोक मिळत नाहीत आणि एकदा पाऊस लागला की चर खणता येत नाही.